बेंदराचे विकतचे बैल

"ताई, सप्रेम नमस्कार.

कराडपासून थोडं आत आमचं गाव. यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, मी घरी शिवणकाम करते. थोरली आठवीत. तिची काळजी नाही, पाचवीत तिला स्कॉलरशिप मिळाली. धाकटा आता पाचवीत आहे, सेमी इंग्रजीला. घरात त्याला सोन्या म्हणतो.

सोन्याला गोष्ट एकदा सांगितली की तोंडपाठ. दुकानात कुठले खिळे कुठल्या खोक्यात, कुठल्या बिजागऱ्या संपल्या, ते यांच्याआधी तो सांगतो. पण पुस्तक उघडलं की रडकुंडीला येतो. 'पर्वत'चं 'परत' वाचतो, 'भात'चं 'मात'. फळ्यावरचं उतरवून होईस्तोवर तास संपतो. बाई म्हणतात, हुशार आहे पण लक्ष नाही.

माती मात्र त्याच्या हातात द्यावी. बेंदराला गल्लीतली निम्मी घरं त्याच्याकडून बैल न्यायची. ज्याचा बैल त्याला तसाच. पाटलांच्या खोंडाचं डावं शिंग खाली वळलेलं, तर मातीच्या खोंडाचंही तसंच.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळ्यांनी 'तारे जमीन पर' पाहिला, त्या वाचायला अडणाऱ्या पण चित्रं सुरेख काढणाऱ्या ईशानचा सिनेमा. यांना तो फार लागला. रात्रभर झोपले नाहीत. सकाळी म्हणाले, आपला सोन्या म्हणजे तोच पोरगा. आठवड्यात रंगांची मोठी पेटी आली आणि दर रविवारी कुठली ना कुठली चित्रकला स्पर्धा सुरू झाली. सहा झाल्या. एकदा उत्तेजनार्थ मिळालं, बाकी काही नाही. शेवटच्या वेळी तो गाडीवरून उतरेना. हे म्हणाले, 'त्या ईशाननं करून दाखवलं, तुला काय झालंय?' तेव्हापासून त्यानं रंग सोडले, मातीही सोडली. यंदा बेंदराला आम्ही बाजारातून बैल आणून पुजले.

यांच्या मनात वाईट काही नाही हो. पण सिनेमात ईशानला हात देणाऱ्या त्या चित्रकलेच्या निकुंभ सरांसारखा माणूस आम्ही कुठून आणायचा?"

तुमचं पत्र वाचताना मी त्या बाजारच्या बैलांपाशी अडले. साच्यातून काढलेले, दोन्ही शिंगं सारखी. पाटलांच्या देव्हाऱ्यापुढेही यंदा तेच बसले असणार. सोन्यानं ते पाहिले असतील. तो काय म्हणाला हे तुम्ही लिहिलेलं नाही, बहुधा काहीच म्हणाला नसेल.

आधी तुमच्या यजमानांविषयी, कारण तुम्ही त्यांची बाजू घेऊन लिहिलंत ते मला आवडलं. त्या सिनेमातले वडील पाहून महाराष्ट्रातले बरेच बाप खुर्चीत चुळबुळले होते. तुमचे यजमान रात्रभर जागले आणि सकाळी उठून काहीतरी करायला लागले. हात झटकणाऱ्यांपेक्षा असा माणूस केव्हाही बरा. फक्त त्यांनी सिनेमाचा शेवट धरला आणि मधला भाग सोडला. आपण बहुतेक सगळे तसंच करतो. सिनेमा २००७ च्या डिसेंबरात आला, त्याला आता किती वर्षं झाली, पण कोणालाही विचारा, काय आठवतं? स्पर्धा आठवते, पोराचा पहिला नंबर आठवतो, शेवटी सर त्याला उचलून हवेत उडवतात ते आठवतं.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की तो सिनेमा तुम्ही दोघांनी पुन्हा बघा. सोन्याला घेऊन नको, दोघांनीच. आणि शेवटाची वाट न बघता बघा.

मग दिसेल की बोर्डिंगात टाकल्यावर ईशानही चित्रं काढायची सोडून देतो. (ते बोर्डिंग म्हणजे तुमच्याच जिल्ह्यातली शाळा, पाचगणीची न्यू एरा. तुमच्यापैकी कोणी ओळखली का?) घरी असताना हा मुलगा कागद दिसेल तिथे रंग सांडत असतो. गणिताच्या पेपरात तीन गुणिले नऊ असं आलं तर त्याच्या डोळ्यांपुढे तिसरा ग्रह पृथ्वी आणि नववा प्लूटो येतात, त्यांची टक्कर होते, प्लूटो फुटतो, आणि तो मोठ्या समाधानानं उत्तर लिहितो, ३. (सिनेमा यायच्या आदल्याच वर्षी शास्त्रज्ञांनी प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं होतं, त्यामुळे पोरगा अगदीच चुकला असं मी तरी म्हणणार नाही.) असा मुलगा बोर्डिंगात गेल्यावर रिकाम्या कागदासमोर नुसता बसून राहतो. जे उत्तम येतं तेच बंद पडतं. तुमच्या घरात आज तेच झालेलं आहे. फरक एवढाच की ईशानची चित्रं शिक्षेनं बंद पडली आणि सोन्याचे बैल कौतुकानं. पोराच्या बाजूनं बघितलं तर फरक फार नाही. माती ही त्याची एकट्याची जागा होती. तिथे कोणी मार्क देत नव्हतं. तुम्ही तिथेही नंबर आणलात. त्यात भर म्हणजे मातीचा हात असलेल्या पोराला कागद आणि रंग दिलेत, आणि विषय कोणी दुसऱ्यानंच ठरवलेले. बैलाच्या वशिंडाला बोटानं गोलाई देणारा मुलगा सपाट कागदावर दुसऱ्याच्या विषयाचं काय करणार?

आता निकुंभ सर. तुम्ही विचारता, असा माणूस कुठून आणायचा. मला वाटतं, त्यांचं अर्धं काम तुम्हाला घरात बसून जमण्यासारखं आहे आणि उरलेलं अर्धं तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी मिळेल. सिनेमात ते जादू करत नाहीत. ते आधी वह्या बघतात. ज्या वह्यांवर इतरांनी लाल रेघा मारल्या, त्याच वह्या ते शांतपणे चाळतात आणि किती चुका यापेक्षा कुठल्या चुका परत परत येतात ते पाहतात. तुम्ही आज रात्री हेच करा. दुसरीपासूनच्या वह्या माळ्यावर असतील तर काढा. एका कोऱ्या कागदावर त्याच्या चुका त्याच्या स्पेलिंगातच उतरवा, दुरुस्त न करता. 'भ'चा 'म' होतो का, 'घ'चा 'ध' होतो का, रफार गळतो का, जोडाक्षर सुटं होतं का, वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते का. आपली लिपी सोपी, जसं बोलतो तसं लिहितो, असं आपण अभिमानानं म्हणतो. पण एकटा 'र' घ्या. 'घर'मध्ये तो सरळ उभा आहे, 'सूर्य'मध्ये डोक्यावर चढलाय, 'प्रकाश'मध्ये पोटात तिरका शिरलाय, 'ट्रक'मध्ये पायाखाली छपरासारखा बसलाय आणि 'वाऱ्यावर'मध्ये त्यानं आणखीनच सोंग घेतलंय. 'दिवस'मधली वेलांटी 'द'च्या आधी दिसते आणि बोलायची मात्र नंतर. ज्याला हे आपोआप जमलं त्याला यात काही अवघड वाटत नाही. ज्याला जमत नाही त्याला रोज नव्यानं कुस्ती.

आकड्यांचंही बघा. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसल्यासारखे. 'सत्तेचाळीस' म्हणताना सात आधी ऐकू येतो, लिहायचा मात्र नंतर. सोन्या ७४ लिहीत असेल तर तो कानानं ऐकलेलंच लिहितोय. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'चाळीस सात' अशी वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतं? थट्टेला ऊत आला होता. मला तेव्हाही त्यात हसण्यासारखं फार काही वाटलं नव्हतं.

का वाटलं नाही, ते सांगते. बावीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं. चौथीच्या वर्गात एक मुलगी होती, दोन वेण्या, कायम दुसऱ्या बाकावर. धडा वाचायला सांगितला की घडाघडा वाचायची. एक दिवस मी सहज म्हटलं, मधल्या परिच्छेदापासून वाच गं. ती उभी राहिली, पुस्तक धरलं आणि पहिल्या ओळीपासून सुरू झाली. मी म्हटलं, तिथून नाही, इथून. मी बोट ठेवलं. ती माझ्या बोटाकडे बघत राहिली आणि परत पहिल्या ओळीपासून सुरू झाली. तेव्हा लक्षात आलं की तिला वाचता येतच नव्हतं. इतर मुलं वाचायची ते ऐकून तिनं अख्खं पुस्तक पाठ केलं होतं. वर्ग हसला. मी वर्गाला गप्प केलं, पण त्याआधी मीही हसले होते, थोडंसं. ती चार दिवस शाळेत आली नाही. अख्खं पुस्तक ऐकून पाठ करणाऱ्या पोरीला मी प्रगतिपुस्तकावर 'वाचनाकडे लक्ष द्यावे' असा शेरा दिला. डिस्लेक्सिया, म्हणजे डोकं चांगलं असूनही वाचणं-लिहिणं अडणं, हा शब्द मला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी कळला. सातवीनंतर तिचं नाव पटावरून गेलं.

म्हणून बाईंच्या 'लक्ष नाही' या वाक्यावर चिडू नका, पण ते स्वीकारूही नका. तुमचा तो चुकांचा कागद घेऊन त्यांना भेटा आणि म्हणा, बाई, हे बघा, या चुका ठरावीकच आहेत. बहुतेक शिक्षक अशा कागदापुढे थांबतात. बाईंना एवढंच मागा की त्याला वर्गात अचानक उभं करून मोठ्यानं वाचायला लावू नका, आणि जमेल तेव्हा उत्तर तोंडी घ्या. निकुंभही मुख्याध्यापकांकडे हेच मागतात. पोराची थोडी तोंडी परीक्षा घ्या आणि थोडा वेळ द्या.

सोन्याला डिस्लेक्सियाच आहे असं मी म्हणत नाही. पत्रावरून निदान करायला मी काही डॉक्टर नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, अर्ध्या वेळा लोक हेच विसरतात. मग साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात लहान मुलांसाठीच्या डीईआयसी केंद्रात चौकशी करा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं ते केंद्र आहे आणि शाळेतल्या मुलांची तपासणी त्यात येते. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, शाळेमार्फत त्यांनाही गाठा. तपासणीत बुद्धीची चाचणी आणि वाचन, लेखन, गणिताची चाचणी अशा दोन्ही होतात. तिथे एक आवर्जून विचारा, वाचनाची चाचणी मराठीतून होणार का? सेमीचा मुलगा आहे म्हणून नुसती इंग्रजीतून घेतली तर इंग्रजीचा सराव कमी आहे की अडचण मुळातली आहे ते कळणार नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं मराठीसाठीही अशी साधनं तयार केली आहेत.

तिथे 'अध्ययन अक्षमता' असा शब्द कानावर येईल. ऐकायला कठोर आहे. घाबरू नका, त्या शब्दानं दारं उघडतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अडचण स्पष्ट नमूद आहे आणि दहावी-बारावीला आपलं बोर्ड अशा मुलांना वाढीव वेळ, गरज असेल तर लेखनिक अशा सवलती देतं. त्यासाठी ठरलेल्या रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. सोन्या पाचवीत आहे, हातात वेळ आहे. दहावीच्या फॉर्मच्या वेळी धावाधाव करणारे पालक मी पाहिलेत.

अडचण निघालीच तर ती गोळीनं जाणारी नसते. रोज थोडा थोडा सराव, तोही बोटांनी, कानांनी, अंगानं. सिनेमातल्या सरावाचा भाग लोक गाणं समजून बघतात आणि विसरतात. पण नीट बघा, तिथे वाळूत अक्षर गिरवणं आहे, हातावर बोटानं अक्षर काढून ओळखायला लावणं आहे, मातीची अक्षरं आहेत, पायऱ्यांवर चढउतार करून बेरीज-वजाबाकी आहे, मोठ्या चौकटीतले आकडे हळूहळू लहान चौकटीत आणणं आहे. पडद्यावर पाच मिनिटांत उरकतं, घरी त्याला महिने लागतात आणि मध्येच सगळं विसरल्यासारखं होतं. तेव्हा थोरलीला कामाला लावा, पण शिकवायला नको. तिनं रात्री त्याचा इतिहासाचा नाहीतर परिसर अभ्यासाचा धडा नुसता मोठ्यानं वाचून दाखवायचा, प्रश्न विचारायचे नाहीत. ऐकून ठेवायचं डोकं त्याच्याकडे आहेच.

एक गोष्ट सिनेमाच्या विरोधात बोलते. वर्गात निकुंभ सर मुलांना आइनस्टाइन, लिओनार्दो, एडिसन अशी नावं सांगतात. त्या प्रसंगात मीही रडले आहे. पण आइनस्टाइनला डिस्लेक्सिया होता याला भक्कम पुरावा नाही, आणि वाचायला अडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात कला असतेच असंही नाही. पुष्कळ मुलं वाचायला अडतात आणि बाकी साधीसुधी असतात, त्यांनाही तेवढीच मदत मिळायला हवी. सोन्याच्या हातात माती बोलते हा योग आहे. त्याचं वाचन अडतं ही दुसरी गोष्ट. दोन्ही एका पारड्यात घालू नका. 'वाचता येत नाही ना, मग निदान चित्रात तरी नंबर काढ' हे तुम्ही तोंडानं म्हटलं नसेल, पण सहा रविवार गाडीवर मागे बसून त्यानं ते ऐकलंय.

आता ती स्पर्धा. यजमानांना हा भाग मुद्दाम दाखवा. निकुंभ सर जी स्पर्धा भरवतात तिच्यात नुसती मुलं नसतात, शिक्षकही बसतात. एरवी वर्गात ज्यांच्या नुसत्या नजरेनं मुलं गारठतात, ते मास्तर कागद पुढ्यात घेऊन घामाघूम झालेत आणि चित्रं अशी काढतायत की बघणाऱ्याला हसू आवरत नाही. परीक्षक म्हणून ललिता लाजमी बसल्यात, खऱ्याखुऱ्या चित्रकार. ईशान तर वेळेवर हजरही नसतो. पहाटेच उठून एकटा तळ्याकाठी गेलेला असतो आणि उशिरा येऊन कोपऱ्यात बसतो. त्याला कोणी गाडीवर घालून आणलेलं नाही. आणि तोवर तो अडखळत का होईना वाचायला लागलेला आहे. त्याचे वडील भेटायला येतात, बायको या विषयावर किती वाचतेय ते सरांना सांगतात, सरांकडून दोन गोष्टी ऐकून घेतात आणि परत निघताना त्यांना दिसतं, पोरगा नोटीस बोर्डासमोर उभा राहून एकेक अक्षर जुळवतोय. मला विचाराल तर सिनेमा तिथेच संपला असता तरी चाललं असतं. पुढचं बक्षीस तुमच्याआमच्यासाठी आहे, तिकीट काढून आलेल्यांसाठी.

तर रविवारच्या स्पर्धा बंद. तसं जाहीर करू नका, नुसत्या बंद करा. रंगांची पेटी कपाटात ठेवा, तीही त्याला दाखवून नको. यजमानांनी त्याची एकदा माफी मागावी का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. मागता आली तर मागावी, दुकान बंद करताना, शटर ओढता ओढता, एका वाक्यात. 'गाडीवर बोललो ते चुकलं माझं.' त्यावर तो काही बोलला नाही तर नाही. 'पण तुझ्या भल्यासाठीच' हे शेपूट जोडायचं नाही.

मग दिवाळीची वाट बघा. शाळेला सुट्टी लागली की गल्लीत किल्ले सुरू होतील. तुमच्या अंगणात यंदा किल्ला यजमानांनी सुरू करावा. दगड, पोती, पाण्याची बादली घेऊन स्वतः बसावं. सोन्याला बोलावू नका. हार्डवेअरवाल्या माणसाचा बुरूज कसा होईल हे मी डोळ्यांपुढे आणू शकते, ओळंब्यात सरळ आणि दुसऱ्या दिवशी भेगा पडलेला. पडू द्यात. थोरली हसेल, तुम्हीही हसा, आणि तेही हसले तर फारच छान. किल्ल्यांच्याही स्पर्धा असतात, मंडळाची पोरं नाव घालायला येतील, त्यांना चहा द्या आणि परत पाठवा.

सोन्या पहिल्या दिवशी लांबून बघेल. दुसऱ्या दिवशीही कदाचित लांबूनच. यजमानांनी मात्र एक काम त्याच्याकडून करून घ्यावं. माती कुठून आणायची ते त्यालाच विचारावं. ओढ्याकाठची की विहिरीच्या गाळाची, कुठली चिकटते आणि कुठली वाळली की फुटते, हे तुमच्या गल्लीत त्याच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?